टोपाखालची कुजबुज

पडदा वर जातो. बुधवार, सकाळचे अकरा. कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावातलं स्टेफ्का मेल्निचुकचं केसांचं दुकान. भिंतीलगत तीन खुर्च्या, प्रत्येकीच्या वर केस वाळवणारा, घोंघावणारा भला मोठा टोप. मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, पण पात्रांच्या जागा इतक्या अचूक ठरवणारी दिग्दर्शिका दुसरी पाहिली नाही.

एकीची बातमी दुसरीला सांगणं स्टेफ्काच्या स्वभावातच नव्हतं. कोण कुणाशेजारी बसणार, एवढंच ती वेळांच्या वहीत ठरवायची. मांजरीची पिल्लं वाटायची असलेली बाई नेमकी घरात उंदीर झालेल्या बाईच्या शेजारी येई, आणि दोघींना वाटे, काय योगायोग आहे.

त्या हिवाळ्यात गावातले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि इर्का बोयकोच्या नवऱ्याच्या, ऑस्टॅपच्या, हृदयाच्या गोळ्या दहा दिवसांपुरत्या उरल्या. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई नवे रुग्ण घेत नव्हत्या. फोन सदा व्यस्त. इर्का मानी, चारचौघींत विचारायची नाही. पण केस धुताना तिची मान ताठलेली स्टेफ्काच्या हाताला कळली आणि तिनं हळूच सगळं काढून घेतलं.

मग स्वतःच्या दाढदुखीचं निमित्त सांगून स्टेफ्कानं तिला शुक्रवारऐवजी बुधवारी बोलावलं. शेजारच्या खुर्चीत होती डोरीन, दवाखान्यात रुग्णांची नावं नोंदवायच्या खिडकीत बसणारी. स्टेफ्कानं डोरीनचा टोप चालू केला. इर्काचा केलाच नाही.

"अगं, हा बंद आहे," इर्का कुरकुरली.

"गप बस. त्याला गरम व्हायला वेळ लागतो."

मग स्टेफ्कानं ऑस्टॅपची तब्येत विचारली आणि शेजारच्या टोपाच्या घोंघाटात इर्काला नवऱ्याचं गाऱ्हाणं डोरीनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं. डोरीनला दया आली. ती कानाशी वाकली आणि कुजबुजली. निदान तिला तसं वाटलं. कानावर टोप घोंघावत असला की आमच्याकडच्या प्रत्येक बाईचं हेच होतं. तिच्या आवाजानं आरसा थरथरला.

"कुणाजवळ बोलू नकोस हं. सोमवारी आठला पाटी लागणार आहे. डॉक्टरीणबाई वीस नवी कुटुंबं घेतायत. फोनवर नाही, स्वतः यायचं."

दुकानातली कात्री थांबली. कुणी काही ऐकलं नाही, असं दाखवायला सगळ्यांनी मासिकं उचलली, एकीनं उलटं.

सोमवारी उणे तिसाच्या थंडीत इर्का सहालाच पोचली. तिच्या पुढे चौघी उभ्या, केसांतल्या रोलरवर रुमाल बांधलेल्या. कुठून कळलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. पाचव्या क्रमांकावर ऑस्टॅपचं नाव लागलं.

दुपारी मी दुकानात गेले. सकाळची वेळ घेतलेली एकही बाई आली नव्हती. सगळ्या रांगेत होत्या. स्टेफ्काचेही डॉक्टर तेच, निवृत्त झालेले. आता तिलाही कुणी नव्हतं. मी म्हटलं, हात मोकळे होते तर तू का नाही गेलीस?

ती आरसा पुसत राहिली.

"मी गेले असते तर दुकान बंद राहिलं असतं ना. मग ज्यांना कळलं नव्हतं, त्या विचारायला कुठं आल्या असत्या?"