चोरओटीतला नारळ

“बाळ नाहीये. गर्भ राहिलाच नव्हता. गर्भाशयात गाठ आहे,” सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला आधी आठवल्या त्या बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई, आणि त्यांनी हौसेनं भरलेली चोरओटी.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोन महिने पाळी चुकली, पोट दिसायला लागलं, तशी सासूबाईंनी मला देवासमोर बसवून गुपचूप ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. “तिसरा सरल्याबिगर कुणाला सांगू नगंस,” म्हणाल्या. या ‘कुणाला’मध्ये आम्ही डॉक्टरही धरला! दोन महिन्यांत एवढं पोट येत नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मग एका सकाळी रक्तस्राव सुरू झाला तो थांबेचना, तेव्हा रिक्षा गाठली.

पाळी चुकली होती ती हार्मोन्सच्या गडबडीनं, आणि पोट दिसत होतं ते गाठीमुळं. गाठीचं नाव फायब्रॉइड. म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. “मोठ्या डाळिंबाएवढी आहे,” मॅडम म्हणाल्या. माझं माहेर सांगोल्याचं, घरची डाळिंबाची बाग. तशाही अवस्थेत तोंडातून गेलं, “एक्स्पोर्टचं की बाजारातलं?”

मॅडम हसल्या. “एक्स्पोर्टचं.”

पण आतून मी घाबरले होते. आमच्या गल्लीत दाढ काढल्यासारखी गर्भाची पिशवी काढतात. सासूबाईंचीही ऐन तिशीत काढलेली. माझी गेली तर मुलाचा विषयच संपणार होता.

सासूबाई आत आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, “माजी काडली तवा मला कुणी इचारलंच न्हाय. हिची पिशवी ठिवून गाठ तेवडी निघती का?”

“निघते की,” मॅडम म्हणाल्या. त्याला मायोमेक्टॉमी म्हणतात. लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं केली, तर पोटावर मोठा छेद लागत नाही. एम्बोलायझेशन हा आणखी एक उपाय. त्यात गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती सुकवतात. पण मूल हवं असेल तर सहसा तो आधी सुचवत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकीची गाठ वेगळी, तेव्हा बायांनो, आपल्या डॉक्टरांना सगळं विचारून घ्या.

एमआरआय झाला. रक्त कमी भरलं म्हणून आधी लोहाची इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या बाकावर बसून मी वाट पाहायला शिकले, सासूबाई मात्र नाही. दर थोड्या वेळानं उठून “आमचा नंबर कवा?” चालूच.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा ओठ सुकलेले. मी एवढंच पुटपुटले, “पिशवी?”

“हाय. जाग्यावर हाय,” सासूबाई म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले. टाके दुखत होते, पण इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

टाके दाखवून आलो त्या दिवशी मॅडमनी सांगितलं, जखम छान भरतेय, काही महिने थांबा, मग बघू. मूल होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी फळीवरचा तो नारळ काढला. मला वाटलं, आता परत देवापुढे ठेवणार. त्यांनी तो सरळ उंबऱ्याशी नेऊन फोडला.

“अहो आई, ओटीचा आहे तो!”

“मग? ओटी तुजीच भरली हुती की. खा.”

खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. नारळ गोड निघाला.