बडीशेपेच्या वासाची बाटली

बाळासाठी घरात आलेली कोणतीही वस्तू तळेगावच्या आत्याबाई आधी स्वतःच्या तोंडात घालत. खुळखुळा असो, चांदीचा चमचा असो, नाहीतर अंगाला लावायची पावडर असो. जिभेवर फिरवायच्या, दाढेखाली धरायच्या, डोळे मिटून थोडा वेळ तशाच बसायच्या आणि मग एकच शब्द बोलायच्या. 'घेजो', नाहीतर 'नको'. कारण विचारलेलं त्यांना खपत नसे; वाटलं तर आपणहून सांगत. वर्ध्याच्या बाजारात भर दुकानात त्यांनी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा मी लाजेनं दुसरीकडे तोंड फिरवून उभी राहिले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तळेगावला कापसाची मोठी शेती असलेल्या घरात दिलेल्या. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण वर्ध्यालाच करायचं ठरलं आणि सातवा महिना लागल्यावर ह्यांनी आत्याबाईंना बोलावून घेतलं. हे तेव्हा कचेरीत कारकून होते. कापूस बाजाराच्या मागे एका ओळीत बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. सगळ्यांचा ओटा एकच, त्यामुळे एका घरातलं रडणं-हसणं सगळ्या घरांत ऐकू जाई.

मला हौस होती. मासिकांत गुटगुटीत बाळांची चित्रं येत, त्यांच्या हातात जे जे दिसे ते मला हवं असे. मी लाल-पिवळा लाकडी खुळखुळा पसंत केला, तर आत्याबाईंनी तो चोखून दुकानदाराला आपली लालभडक जीभ दाखवली. "हा रंग लेकराच्या पोटात जाईन तवा तू येशीन का काढाले?" काचेची दुधाची बाटली आणली, तर रबरी बूच चावून पाहिलं आणि बाटलीत बोट घालून म्हणाल्या, "आत हात जात नाई. मंग आत काय राह्यलं ते कोणाले दिसते? वाटी-बोंडलंच बरं." एका मैत्रिणीनं परदेशी वाटावी अशी हलकी, गुलाबी बाहुली भेट दिली होती. आत्याबाईंनी तिच्या टोपीचा तुकडा मोडून चुलीत टाकला. तो असा भसकन पेटला की मी मागे सरकले. बाहुली त्याच दिवशी घराबाहेर गेली.

त्या जुन्या वळणाच्या होत्या म्हणून नव्याला नाकं मुरडत, असं मला वाटलं होतं. तसंही नव्हतं. माझ्या नणंदेनं बाळाच्या गळ्यात बांधायला काळा दोरा आणि ताईत पाठवला, तोही त्यांनी परत केला. "गळ्यात काई नाई बांधाचं." काजळ नको म्हणाल्या. उलट मच्छरदाणी मात्र त्यांनी हट्टानं घ्यायला लावली, आणि देवी टोचायला कधी न्यायचं ते आधीच विचारून ठेवलं. एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. नको म्हणताना त्या कधी माझ्या तोंडाकडे पाहत नसत. माझ्या पोटाकडे पाहत.

मला मुलगी झाली. ती फार रडकी निघाली. संध्याकाळ झाली की जे सुरू होई ते ह्यांचं जेवण होईपर्यंत चाले. मी रडकुंडीला येई. आत्याबाई मात्र तिला पायांवर घेऊन मजेत बसलेल्या असत. "रडून राह्यली न? रडू दे. ते रडते तवर मी बिनघोर असतो," असं त्या बाप्यासारखं बोलत आणि हसत. त्यांना हसताना मी एवढ्याच कारणासाठी पाहिलं.

त्या हिवाळ्यात आमच्या ओळीत आणखीही पाळणे हलत होते. शेजारच्या सुशीलाबाईंचा अरुण माझ्या मुलीहून थोडा मोठा. सुशीलाबाई मास्तरांच्या पत्नी, माझी त्यांच्याशी चांगली गट्टी जमली होती. अरुणच्या पोटात दुखे, तो दिवसभर किंचाळे, आणि शाळेतून दमून आलेले मास्तर सुशीलाबाईंवर ओरडत. बाहेर बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे, पेंड-सरकीचा वास येई, आणि आत ही रडारड.

अशात एक दिवस पेटीवाला आला. स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला तेल, हातात हिरवी पत्र्याची पेटी. बोलणं गोड, अर्धं हिंदी. ओट्यावर पेटी उघडून त्यानं झबली, टोपरी, रबरी खेळणी मांडली आणि शेवटी एक लहानशी बाटली काढली. "बहेनजी, ये देखो. दोन थेंब द्या, बच्चा आराम से सोएगा. पोटदुखी गायब." झाकण काढल्याबरोबर बडीशेपेचा छान वास सुटला. सुशीलाबाईंनी ती घेतली. त्या संध्याकाळी अरुण रडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या खेपेला पेटीवाला आला तेव्हा बायका त्याची वाटच पाहत होत्या. ज्यांच्या घरात तान्हं होतं, त्या सगळ्यांनी ती बाटली घेतली.

आणि आमच्या ओळीत शांतता झाली. दुपारी सगळ्या बायका निवांत गहू निवडत बसू लागल्या. मलाही ते बरं वाटत होतं. फक्त आत्याबाई बेचैन झाल्या. जेवण टाकून त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहत, एकेका दाराशी कान देत. एकदा मला म्हणाल्या, "सूनबाई, लेकरं काऊन रडून नाई राह्यले?"

"औषध लागू पडलं असेल," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उतरला की मी हातातलं सूप खाली ठेवलं.

दोनच दिवसांनी हे कचेरीतून येताना तीच बाटली घेऊन आले. मुलीच्या रडण्यानं त्यांची झोप होत नव्हती, कामात चुका होत होत्या. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर आत्याबाईंनी बाटली उघडली, बोटावर थेंब घेतला आणि चाटला. या वेळी त्या फार वेळ डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "बडीशेपेच्या मांगं लपून बसलं हाये. अफू हाये ही."

"तुम्हाला कशी कळली?" मी विचारलं. कारण विचारायचं नसतं, हे त्या क्षणी विसरले.

त्या उठल्या, सगळी बाटली मोरीत ओतली, वरून पाणी टाकलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसल्या. तळेगावला वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायला बाया येत, त्यांची तान्ही लेकरं शेताच्या धुऱ्यावरच्या चिंचेखाली निजवलेली असत. लेकरं रडली की बाया काम सोडून धावत. म्हणून सासूनं नव्या सुनेला, म्हणजे आत्याबाईंना, एक काम लावून दिलं होतं. सकाळी एकेका लेकराच्या तोंडात अफूची मोहरीएवढी काळी गोळी ठेवायची.

"मी देत होती," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या हातानं. सगळी कशी शांत निजत. मले वाटे, किती चांगलं काम हाये. एक दिवस सांज झाली, बाया आपापली लेकरं उचलून राह्यल्या होत्या. एकीनं आपलं पोरगं खांद्यावर टाकलं अन् घराकडे चालाले लागली. अर्ध्या वाटेवर तिले समजलं."

"मग?"

"मंग काय? तिले कोणंच काई सांगतलं नाई. थंडी बाधली, म्हने. मीही तेच म्हटलं."

मी मुलीला जवळ ओढून घेतलं. बाहेर सुशीलाबाईंच्या दारात भांडी वाजत होती. आत्याबाई तडक उठून तिकडे गेल्या.

सुशीलाबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं नाही. "तुमच्या पोटी पोर नाही, तुम्हाला काय कळणार?" त्या म्हणाल्या. "माझं बाळ सुखानं झोपतं ते बघवत नाही तुम्हाला." मी मध्ये पडायला गेले, तर मलाही दोन शब्द ऐकावे लागले. संध्याकाळी ह्यांनी आत्याबाईंना समजावलं, "आत्या, आम्हाला शेजारात राहायचंय. ज्याचं त्याला कळतं." पण त्यानंतर रोज दुपारी आत्याबाई काही ना काही निमित्त काढून शेजारच्या दारावरून जात आणि पाळण्यात डोकावत.

आठवडाही गेला नसेल. दुपारची वेळ होती, सुशीलाबाई नळावर गेल्या होत्या. मला आत्याबाईंची हाक ऐकू आली. धावत गेले तर त्यांनी अरुणला उचलून घेतलं होतं आणि त्या त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या. पोर डोळे उघडत नव्हतं. ओठ जांभळे पडले होते. श्वास चालत होता, पण एक झाला की दुसरा येईल की नाही असं वाटावं इतका हळू. "टांगा पाह्य!" त्या ओरडल्या, आणि टांगा मिळायची वाट न पाहता पोराला घेऊन अनवाणी रस्त्यावर धावत सुटल्या. टांगा मी मागाहून नेला आणि वाटेत त्यांना गाठलं. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत त्या पोराच्या कानात मोठमोठ्यानं बोलत होत्या. "रड रे बाप्पा, रड."

अरुण वाचला. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध दिलं होतं, बाटली आणा. तोपर्यंत सुशीलाबाई दवाखान्यात येऊन पोचल्या होत्या. भीतीनं त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. मास्तर शेजारीच उभे होते. "मी काहीच दिलं नाही," त्या म्हणाल्या. घरी गेल्यावर बाटलीही सापडली नाही. मग बोललं जायला लागलं, ते आत्याबाईंबद्दल. त्या रोज पाळण्यात डोकावत होत्या, पोर त्यांच्याच हातात काळंनिळं पडलं, विधवा बाईची नजर. नळावर बायका मला पाहून गप्प होत. बाकीच्या घरांतल्या बाटल्या मात्र एकेक करून नाहीशा झाल्या, आणि संध्याकाळी पुन्हा लेकरं रडू लागली. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आत्याबाईंनी स्वतःच बोचकं बांधलं. राहा म्हणून मी म्हटलं, पण ह्यांनी म्हटलं नाही. मुलीला कडेवर घेऊन मी त्यांना मोटारस्टँडवर पोचवायला गेले. त्या तळेगावच्या बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "लेकीले जपजो." तेवढ्यात बसच्या टपावर काहीतरी धाडकन ठेवल्याचा आवाज झाला. मी वर पाहिलं. हिरवी पत्र्याची पेटी होती. पेटीवाला रुमालानं तोंड पुसत बसमध्ये चढला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मला तो ओळखून हसला.

आत्याबाईंनी त्याला पाहिलं. खिडकीची जागा सोडून त्या उठल्या, मागे गेल्या आणि त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसल्या. तो खिडकीकडे सरकला. मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बस सुटली. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

तिकीट तळेगावचं होतं, पण पेटीवाला आर्वीला उतरला तेव्हा आत्याबाईही उतरल्या, असं नंतर कंडक्टरनं ह्यांना सांगितलं. तळेगावला त्या बऱ्याच दिवसांनी पोचल्या, पाय सुजलेले होते. एवढे दिवस कुठे होतात म्हणून घरच्यांनी विचारलं, तर बोलल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

कुठे होत्या ते मला कळलं माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर, नात्यातल्या एका लग्नात. आर्वीकडच्या एका खेड्यातली बाई माझ्याजवळ येऊन बसली होती. मी कोणत्या घरची ते समजल्यावर ती म्हणाली, "मंग ते म्हातारी तुमचीच का? आमच्या गावात आलती. पेटीवाल्याच्या मांगं मांगं घरोघरी फिरे. तो बाटली काढे अन् ते सांगे, म्या असंच देलतं अन् लेकरू मेलं, माह्या हातानं मेलं. मले पाहा अन् मंग घ्या, म्हने. आमाले वाटलं, येडी हाये. पोरं दगड मारत तिले."

"मग बायकांनी काय केलं?" मी विचारलं.

ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मांडवात सनई वाजत होती.

"काई जणीईनं नाई घेतलं," ती म्हणाली. "काई जणीईनं घेतलं."

ती स्वतः कोणत्या बायकांतली, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.