मामांची कव्हरं

माझ्या बायकोच्या मामांइतकं धुळीशी वैर आजवर कुणी धरलं नसेल. माणसं भाऊबंदांशी भांडतात, बांधावरून शेजाऱ्याशी भांडतात. मामांनी पाळी गावावर उडणाऱ्या खनिजाच्या तांबड्या धुळीशी उभा दावा मांडला होता. घर रस्त्याला लागून. सकाळ झाली की खाणीवरचे ट्रक एकामागून एक सुरू व्हायचे, आणि संध्याकाळपर्यंत केळीची पानं, दोरीवरचे कपडे, रस्त्यावरची कुत्री सगळं एका रंगाचं होऊन जायचं. मामांचं घर तेवढं सुटलेलं. घराची जनेलं, म्हणजे खिडक्या, कायमच्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि आत जी म्हणून वस्तू असेल तिला कव्हर. टीव्हीला, मिक्सरला कव्हर घरोघरी असतं हो. मामांकडे छत्रीला होतं, चष्म्याच्या डबीला होतं, आणि जास्तीची कव्हरं ठेवायच्या पेटीलाही होतं. सगळी त्यांनी स्वतः मामीच्या शिलाईमशीनवर शिवलेली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की दार जरासं किलकिलं व्हायचं, एक हात बाहेर यायचा, पाव घ्यायचा आणि आत जायचा. पोदेर म्हणे, ह्या गिऱ्हाइकाचा हात मी शंभरांत ओळखीन, तोंडाचं मात्र विचारू नका.

एकदा मी म्हटलं, "मामा, आली थोडी धूळ तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "जावयबापू, धूळ पाव्हणी म्हणून येना. ती घर करून रावपाक येता." ह्यावर घरात कुणी हसलं नाही. मामीच्या छातीत तिनं खरोखरच घर केलं होतं.

मामी शेवटचे महिने त्याच बंद खोलीत होती. मामांनी तिच्यासाठी काय नाही केलं? ओल्या फडक्यानं जमीन दिवसभर पुसायचे, दाराच्या उंबऱ्याशी भिजलेली गोणी घालायचे, भेटायला येणाऱ्यांना अंगणात पाय धुवायला लावायचे आणि डोकं झटकायला सांगायचे. मामी अधूनमधून म्हणायची, "मात्शे जनेल उगडा. वारो येवंदी." मामा तिचा हात हातात घेऊन म्हणायचे, "धूळ येतली गो." शीला, त्यांची एकुलती एक मुलगी, मस्कतहून रजा काढून आली होती. ती बापाला स्पष्टच म्हणाली, "बाबा, तिला हवा तरी घेऊ द्या." मामा म्हणाले, "हांगा हवा खंय आसा? सगळी धूळ." बाप-लेकीचं कडाक्याचं वाजलं. शीला रजा संपली म्हणून परत गेली आणि पाठोपाठ मामी गेली.

त्यानंतर शीलाचं बापाशी बोलणं तुटल्यात जमा होतं. माझ्या बायकोनं खटपट करून मामांकडे कॉम्प्युटर बसवून घेतला, रविवारी दोघांनी तोंड बघून बोलावं म्हणून. आणि बोलायची की दोघं. आधी जेवलात का, पाऊस आहे का असली तोंडदेखली चौकशी; मग कुठे विषय मामीपर्यंत पोचायचा, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर फट्‌कन बंद पडायचा. एकदा नाही, दर रविवारी. शेवटी शीलानं माझ्या बायकोला कळवलं, "आईचं नाव काढलं की बाबा बंद करतात. पुढच्या रविवारनंतर मी बसणार नाही."

माझा धारगळला कॉम्प्युटरचा क्लास. त्यामुळे नात्यागोत्यात इस्त्रीपासून मोटारपंपापर्यंत काहीही बिघडलं तरी निरोप मलाच. त्या रविवारी सकाळीच पाळीला पोचलो. पाय धुतले, डोकं झटकलं, आत गेलो. मामा हवालदिल झाले होते. "म्या बंद करना हो. तोच पडटा. धूळ गेली आसतली आत. आणखी एक कव्हर शिवलां."

कॉम्प्युटर पाहिला आणि मी कपाळाला हात लावला. सगळ्या डब्यावर मामीच्या निळ्या साडीचं कव्हर, काठ बरोबर पुढच्या बाजूला आलेला, बटणापुरतं काज केलेलं. त्याच्या आत दुसरं, जाड कापडाचं. ती काढली तर मागच्या पंख्याच्या जाळीवर आणि बाजूच्या भोकांवर कापडाचे तुकडे खळीनं चिकटवलेले. आणि हे सगळं चालू मशीनवर. हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. डबा उघडला. इतका स्वच्छ कॉम्प्युटर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पंख्याच्या पात्यावर कणभर धूळ नव्हती. पंखा बिचारा जिवाच्या आकांतानं तीच ती गरम हवा फिरवत होता.

मी चिडून बोललो, "मामा, धुळीनं काही झालेलं नाही. तुम्ही ह्याला कोंडून घातलाय. धूळ महिन्याकाठी पुसता येते, पण वारा मिळाला नाही तर हा गुदमरून बंद पडणारच."

बोललो मात्र, आणि मामांचा चेहरा बघितला. ते पलंगाकडे पाहत होते. मामीच्या पलंगाकडे, त्यावरही चादरीचं कव्हर होतं.

"मगे ती..." एवढंच म्हणाले.

"नाही मामा. तिची फुफ्फुसं आधीच गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"तें म्हाका खबर आसा," मामा म्हणाले. "पूण वारो मागताली ती. निमाणो, शेवटचो वारो. म्या दिलो ना."

मी कापडं सोलली, पंखा पुसला, डबा भिंतीपासून पुढे ओढला. मागे वळलो तर मामा जनेलाच्या फटीतल्या चिंध्या उपटत होते. जनेल फुगलं होतं, हलेना. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे करकरत उघडलं. बाहेर त्या वेळीही एक ट्रक जात होता.

शीला पडद्यावर आली. जेवणखाण, पाऊसपाणी झालं. मग ती थबकली. "बाबा, मागे काय हलतंय?"

"पडदो," मामा म्हणाले. "जनेल उगडलां."

मी पंख्याकडे कान लावून बसलो होतो. तो चालू होता. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "शीले, तुज्या आवयक म्या वारो दिलो ना गो. तू म्हणताली तें खरें." पलीकडे ती रडायला लागली, मग "बाबा, बाबा" म्हणत राहिली. मी उठून अंगणात गेलो.

खूप वेळानं आत आलो तेव्हा बोलणं आटोपलं होतं. शीला पुढच्या रविवारीही बसणार होती. मामा जनेलापाशी बसले होते, निळ्या साडीचं ते कव्हर मांडीवर घेऊन. बाहेरून धूळ येत होती, त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर बसत होती. मामांनी ती झटकली नाही.