नायगावचा वळसा

चहात साखर घातली का, हे अप्पा आधी चहावाल्याला विचारत, मग मला विचारत आणि तरीही चमच्यानं तळ ढवळून बघत. उदगीरला त्यांची डाळमिल होती आणि तिथं मी कॉम्प्युटरवर होतो. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि नजर सतत कुणाच्या तरी पाठीवर. "माणूस लई गोड बोलायला लागला की समजायचं, मागं काहीतरी शिजतंय," असं ते मी रुजू झालो त्याच दिवशी म्हणाले. मी गोडच बोलत होतो.

गाड्यांचे रस्ते आखणारं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं, तेही ड्रायव्हर पकडायला. कोणत्या गाडीनं कोणत्या दुकानांत माल टाकत जायचं, हे ते सकाळी ठरवून देई. गाडीनं वाट सोडली की पडद्यावर लाल रेघ उमटे. अप्पा माझ्या खुर्चीमागं उभे राहून ती रेघ शोधत. नसली की जास्तच अस्वस्थ होत. "ह्यो डबा त्यांना फितूर तर न्हाई ना?"

मग एकदा रेघ उमटली. गफूरभाईंची गाडी लोह्यावरून नांदेडला जायची सोडून नायगाववरून गेली आणि तिथल्या एका गल्लीत थांबली. पुढच्या खेपेलाही तेच. गफूरभाई मिलमधले सगळ्यांत जुने ड्रायव्हर.

"म्हणजे इतकी वर्षं माझी पोती विकायलाय," अप्पा म्हणाले.

"विचारून तर बघा," मी म्हटलं.

"विचारलं की सावध होईल. त्याला काढायचंच हाय, पण पकडून काढायचं."

पुढच्या खेपेला गाडी सुटताना अप्पा केबिनमध्ये चढून बसले. साक्षीला मला घेतलं. लोह्याच्या फाट्यावर गफूरभाईंनी गाडी हळू करून विचारलं, "अप्पा, लोह्यावरून घेऊ?"

"रोज जातो तसा जा."

नायगावच्या गल्लीत हॉर्न ऐकून शैलाताई बाहेर आली. अप्पांची मुलगी. तिनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

"भाई, अप्पांचा खोकला कसा हाय आता?" तिनं खालूनच विचारलं. मग केबिनमध्ये बघितलं आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"मालक, माल न्हाई विकला कधी," गफूरभाई समोरच्या काचेकडं बघत म्हणाले. "तुमची खबर देतो फक्त. काढायचं असंल तर काढा."

अप्पा उतरले नाहीत. तिनं तांब्या आणला, तो त्यांनी खिडकीतून घेतला, सगळं पाणी प्यायले. तांब्या परत देताना "बारीक झालीस" एवढंच म्हणाले.

मिलमध्ये आल्यावर ते माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "तो थांबा टाक त्यात."

"गिऱ्हाईक म्हणून टाकावा लागंल, अप्पा. माल किती उतरवायचा, ते पण विचारतंय."

"पाच किलो तूरडाळ टाक. रिकाम्या हातानं कशी जाईल गाडी?"

पण डाळ खरंच पोचते का, याची त्यांना खात्री वाटेना. म्हणून दर खेपेला ते स्वतः केबिनमध्ये बसून नायगावला जाऊ लागले. पुढं उतरायलाही लागले, जेवूनही येऊ लागले. अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांचं एकच सांगणं होतं, "मशीनचं काय खरं न्हाई, मी बघून येतो."

अप्पा गेले. शेवटपर्यंत त्यांनी त्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवा म्हणून आम्हीही त्यांना कधी सांगितलं नाही.