माहेरवाशिणींची सभा

माझी मुलगी पुण्याला सार्वजनिक आरोग्याचं शिकत होती. त्या वर्षी नवरात्राच्या सुट्टीत ती आपल्या वर्गमैत्रिणीला सोबत घेऊन आली. मैत्रीण नायजेरियाची. देऊळघाटच्या अलीकडं आमचं गाव. तिथं असा पाहुणा कधी आला नव्हता. पहिल्या दिवशी बायका तिच्याभोवती जमल्या, तिच्या बारीक वेण्यांना हात लावून बघू लागल्या. मला लाज वाटत होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "इतक्या येन्या घालाले किती टाइम लागला व बाई?" मुलीनं तिला इंग्रजीत सांगितलं. पाहुणी हसून म्हणाली, "सहा तास. आईनं घातल्या असत्या तर चारच."

मी अंगणवाडी सेविका आहे. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत अंगणवाडी बघायला आली, दुभाषी म्हणून मुलगीही. बावीस लेकरं देवळासमोरच्या पिंपळाखाली सतरंजीवर बसली होती. पाहुणीनं विचारलं, इमारत नाही का? मी तिला इमारत दाखवली. दाराला कुलूप. खिडकीतून आतली कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, पोती दिसत होती, तुषार सिंचनाचे पाइप दिसत होते आणि वर सरकारी पंखा. नवं सोयाबीन निघालं की तेही तिथंच येणार होतं.

"हे कोणाचं?" तिनं विचारलं.

"माजी सरपंचांचं. दोन वर्षांपासून आहे."

"मग तुम्ही काय केलं?"

"चार अर्ज दिले," मी म्हणाले.

तिनं विचारलं, "आणि गावातल्या बायकांनी?"

मुलीनं प्रश्न मराठीत सांगितला. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडं त्या दिवसांत भोंडल्यासारखी भुलाबाई बसलेली असते. संध्याकाळी पोरी-बाया आमच्या अंगणात जमल्या, गाणी झाली, खिरापत ओळखून झाली. पाहुणीला गाण्यांचा अर्थ हवा होता. सासर-माहेरची गाणी आहेत, सासूला टोमणे आहेत, असं मुलीनं सांगितलं. ते ऐकून ती सावरून बसली.

"आम्ही इग्बो," ती म्हणाली, आणि आपल्या समाजाच्या त्या नावाबरोबर तिची मान ताठ झाली. मुलगी वाक्यावाक्याला मराठी करत होती. "आमच्या बहुतेक गावांत पूर्वी राजाच नव्हता. गाव बसायचं, बोलायचं, मग ठरायचं. बायकांची सभा वेगळी. त्यातही मोठा मान लग्न होऊन गेलेल्या लेकींचा. भावकीत भांडण झालं, कोणाच्या सुनेवर अन्याय झाला, की त्या सगळ्या माहेरी येतात आणि निवाडा करतात. भाऊ कितीही मोठा असो, त्यांच्यापुढं मान खाली घालतो."

म्हातारी म्हणाली, "म्हंजे माहेरवाशिनीच की. आपल्याकडं तिले साडीचोळी देतेत अन् वाटेला लावतेत. तिले कोन विचारते?"

बायका हसल्या. मग पाहुणीनं तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. इंग्रजांनी गावोगावी आपल्या मर्जीतले मुखिये नेमले होते. एकदा बातमी पसरली, की आता बायकांवरही कर बसणार. तेव्हा या गावच्या बाईनं त्या गावच्या बाईकडं ताडाचं कोवळं पान पाठवलं. पान आलं की निघायचं, एवढाच निरोप. हजारो जणी निघाल्या. मुखियाच्या दारात बसून त्याचे सगळे अपराध गाण्यात गुंफून गायच्या, नाचायच्या. त्यानं अधिकाराची टोपी उतरवून दिल्याशिवाय उठायच्या नाहीत.

"सोजिरांनी गोळ्या चालवल्या," ती म्हणाली. "कित्येक जणी मेल्या. पणजी वाचली. पण बायकांवर कर बसला नाही, आणि अनेक मुखियांना जावं लागलं."

ती पुढं बोलत राहिली. तिच्या लोकांतला एक जण लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. त्यानं स्वतःला सोडवून घेतलं आणि आपली हकीगत लिहून तो इंग्रजांच्याच देशात गुलामीविरुद्ध उभा राहिला. दुसऱ्या एकानं वर्तमानपत्रं काढून स्वातंत्र्यासाठी लेखणी चालवली आणि पुढं तो देशाचा राष्ट्रपती झाला. तिच्या आजीच्या तरुणपणी देशात यादवी युद्ध झालं, लाखो माणसं उपासमारीनं गेली. त्यातून उरलेल्यांनी पुन्हा शाळा बांधल्या, बाजार उभे केले. त्यांच्यातल्या लेखिकांची पुस्तकं जगभर वाचतात. "पण कोणी विचारलं की मी आधी पणजीचं सांगते," ती म्हणाली. "तिला लिहिता येत नव्हतं."

म्हातारीनं माझ्याकडं बघून विचारलं, "मंग, माजी सरपंचाच्या दारात उद्या किती वाजता बसाचं?"

पाहुणीनं मात्र स्पष्ट सांगितलं, "गाव तुमचं आहे. मी मागं बसेन."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तीसेक बायका माजी सरपंचांच्या ओट्यासमोर बसलो. अंगणवाडीची बावीस लेकरंही होती. म्हातारीनं टाळी धरली आणि भुलाबाईच्या चालीवर नवंच गाणं उचललं:

*कुटार निजलं पंख्याखाली, व बाई पंख्याखाली,*
*लेकरं बसली पिंपळाखाली, व बाई पिंपळाखाली.*

माजी सरपंच बाहेर आले. "काय आहे व? भुलाबाई तं संध्याकाळी असते." गाणं चालूच राहिलं. मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही नोकरीवर आहा. इथं काऊन बसल्या?"

मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "हाव भाऊ, नोकरीवरच आहे. अंगणवाडी इथंच आणली. तिकडं जागा नाही."

ते आत गेले. आम्ही गात राहिलो. ऊन चढलं. दोन जणी घरच्यांच्या धाकानं उठून गेल्या, त्यातली एक परत आली. लेकरांना तिथंच खिचडी वाढली. तेवढ्यात माजी सरपंचांची सणाला माहेरी आलेली लेक पाण्याचा हंडा घेऊन बाहेर आली. तिनं लेकरांना पाणी दिलं, हंडा खाली ठेवला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. दारातून वडिलांनी बघितलं.

"तू काऊन बसली त्यायच्यात?"

"मीबी याच अंगणवाडीत शिकली, बाबा. चाबी द्या त्यायले."

त्यांनी त्या वेळी चावी दिली नाही. चपला घालून ते शेताकडं निघून गेले, आणि हरलो असं समजून आम्ही दुपारी घरी आलो. पण संध्याकाळी त्यांची लेक चावी घेऊन माझ्या दारात उभी होती. दोन दिवसांनी ट्रॅक्टरनं पोती आणि पाइप हलवले. आत उंदरांनी घर केलं होतं. बायकांनी खोली झाडली, सारवायची सवय म्हणून फरशीही तीनदा पुसली. पंखा काही फिरला नाही. तो पुढं ग्रामपंचायतीनं दुरुस्त केला.

पाहुणी निघायच्या आधल्या दिवशी तिनं तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आई शाळेत मुख्याध्यापिका. मागं त्या घरच्या तीन-चार माहेरवाशिणी बसल्या होत्या. पाहुणीनं त्यांना आमचं सगळं सांगितलं. त्या आपसात बोलल्या, मग त्यातल्या थोरलीनं काहीतरी विचारलं.

पाहुणीचं ऐकून मुलगी म्हणाली, "आई, त्या विचारतात, बोललं कोण?"

मी पदर सावरला आणि फोनसमोर जाऊन म्हणाले, "मी बोलली." हे मी मराठीतच सांगितलं. पलीकडं सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या.

माजी सरपंच वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नात तीन वर्षांची झाल्यावर आजोळी राहायला आली, तेव्हा तिचं बोट धरून ते स्वतः अंगणवाडीत आले आणि म्हणाले, "मॅडम, हिचं नाव लिहून घ्या."