शुक्रवारी दुकान बंद

आमच्या दाजींनी जितके नट-नट्या हाताच्या अंतरावरून पाहिले, तितके आमच्या भागात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील. आणि त्यांच्याकडे एकाही नटाबरोबर काढलेला फोटो नाही. हैदराबाद, सोलापूर, कलबुर्गी, जिथं म्हणून चाहत्यांचा मेळावा असेल तिथं ते जायचे. तिकीट काढून रांगेत उभे राहायचे. बाकीची माणसं स्टेजवर गेली की नटाला चिकटून मोबाइलकडे बघत हसायची आणि पुढं सरकायची. दाजी नटाकडे बघायचे आणि त्याला त्याच्याच पिक्चरमधल्या चुका सांगायला लागायचे. फोटोवाला ओरडायचा, "अंकल, इधर देखो!" दाजी म्हणायचे, "थांब की बाबा जरा. माणसाशी बोलायलोय." तेवढ्यात कुणीतरी आडदांड गडी दंडाला धरून त्यांना खाली उतरवायचा.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. मुडबीत त्यांचं खत-बियाणांचं दुकान. मी जवळच, कर्नाटकातल्या बसवकल्याणात मराठी शाळेवर मास्तर. अर्धं आयुष्य मी या माणसावर मनातल्या मनात चिडत आलो, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मी कुणालाच कधी काही बोललो नाही, तो माझा स्वभाव. पण आता लिहायला बसलोच आहे तर सगळं लिहितो.

दुकानाच्या शटरवर पेंटरकडून लिहून घेतलं होतं, "शुक्रवारी दुकान बंद". कारण शुक्रवारी नवा पिक्चर लागतो. तुरीची पेरणी ऐन भरात असली, दारात ट्रॅक्टर उभे असले, तरी शुक्रवारी दाजी पहिल्या बसनं कलबुर्गीला. पिक्चर मराठी असला तर सोलापूरला. एकदा एका शेतकऱ्यानं बसस्टँडवरच त्यांना गाठलं. "दाजी, पेरणी थांबती व्हय?" दाजी शांतपणे म्हणाले, "पेरणी तुझी हाय, तुझ्यासाठी थांबंल. पिक्चर माझ्यासाठी कामून थांबंल?" त्या शेतकऱ्याला बियाणं शेवटी अक्कानं घरामागच्या दारानं दिलं. माझ्या पुतण्याचं लग्न शुक्रवारी निघालं, तर हा माणूस अक्षता टाकून जेवायच्या आत गायब. व्याह्यांनी विचारलं, "तुमचे दाजी रुसले का?" काय सांगणार? पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

मेळाव्याला जाताना त्यांच्या पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ असायचा. आपल्याकडे पाहुण्याला करतो तसा आहेर. "मान दिल्याबिगर माणसाला बोलायचा हक्क न्हाई," हे त्यांचं शास्त्र. नारळ दारावरच काढून घेत, तो फेकून मारतील या भीतीनं. टॉवेल-टोपी मात्र आत जायची. हैदराबादच्या मेळाव्याला मलाही ओढून नेलं होतं. तो मोठा तेलुगू नट, एकेक केस मेण लावून उभा केलेला, दाजींनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी दाबून बसवली, आणि तेलुगूत त्याला सांगितलं की, "बाबा, तू एवढी माणसं मारलीस, पण एकाच्याही घरी कुणी रडलं नाही. असलं गाव कुठं असतंय?" नट हसला. टोपी काढायचं मात्र त्याला सुचलं नाही. मी रांगेत मागंच होतो. मान खाली घालून रांगेतून निघून आलो. परतीच्या बसमध्ये दाजी विचारतात, "मास्तर, तुम्ही का भेटला न्हाईत?" मी म्हणालो, "पाय दुखायलेत."

घरी आले की व्हॉट्सॲपवर त्यांचं परीक्षण बोलून टाकायचे. मराठीत सुरू करायचे, राग आला की कन्नडात शिरायचे, आणि एखादी गोष्ट मनापासून आवडली की दखनी उर्दूवर यायचे. त्यामुळे नुसती भाषा ऐकून लोक ठरवायचे की जायचं का नाही. "हा पिक्चर म्हंजे जुनी तूरडाळ. शिजत ठेवा, ठेवा, ठेवा. इंटरवल झालं तरी दाणा कच्चाच." हे आमच्या साऱ्या तालुक्याला पाठ होतं. मला नव्हतं आवडत. मास्तरनं म्हणायला हवं ते खतवाला म्हणतोय, असं वाटायचं.

खरी चीड वेगळी होती. माझी मुलगी रेणू शाळेच्या प्रत्येक सुटीत त्यांच्याकडे जायची आणि दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर पिक्चरला. आत्याचे यजमान म्हणून ती त्यांना मामा म्हणायची. परतीच्या बसमध्ये मामा तिला विचारायचे, "काय खोटं वाटलं ते सांग आधी. खरं काय हुतं ते मागनं." रेणू पुण्याला शिकायला गेली, तिथं नाटकात शिरली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "अप्पा, पिक्चरमध्ये काम मिळालंय." मी म्हणालो, "छान." जा म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. नंतर रात्रभर दाजींना मनात शिव्या दिल्या.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही सगळे सोलापूरला गेलो. रेणूचं काम बऱ्यापैकी मोठं होतं. नवऱ्याचं प्रेत दारात येतं आणि ती फोडते तो हंबरडा, हा तिचा मुख्य प्रसंग. थेटरात बायका डोळे पुसत होत्या. बाहेर आल्यावर मी रेणूला फोन लावला. "छान झालंय." ती म्हणाली, "मामा काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही बोलले नाहीत." आणि ते खरंच बोलले नव्हते. "सांगायचं ते तिच्या तोंडावर सांगीन," एवढंच.

आठवड्यानं सोलापुरातच कलाकारांना भेटण्याचा मेळावा होता. आम्हाला घरचे म्हणून पुढच्या खुर्च्या होत्या. दाजी त्यांत बसले नाहीत. रांगेत उभे राहिले, उन्हात, शाल आणि नारळ घेऊन. मी जाऊन म्हणालो, "दाजी, घरची पोर हाय. रांग कशाला?" म्हणाले, "घरच्या पोरीला घरी भेटीन. इथं ती कलाकार हाय." पाळी आली. त्यांनी रेणूला शाल घातली, नारळ दिला (इथं कुणी अडवला नाही), दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं काम बघितलं. रडताना तुमचं ध्यान पदराकडं हुतं. दोनदा सावरलात. ज्याचं माणूस गेलंय त्याला पदराची शुद्ध न्हाई ऱ्हात."

रेणूचा चेहरा उतरला. बाजूचा हिरो तोंडावर हात ठेवून हसला. मी स्टेजवर गेलो आणि जन्मात पहिल्यांदा दाजींवर ओरडलो, "पोरीची अब्रू काढायला आलात व्हय? खत विका तुमचं!" दाजी नमस्कार करून खाली उतरले. नंतर कितीतरी महिने मी मुडबीला गेलो नाही. अक्का फोनवर रडायची, मी "बघू" म्हणायचो.

पदर मलाही दिसला होता. थेटरात, अंधारात, पहिल्यांदा सावरला तेव्हाच दिसला होता.

मला वाटलं, रेणू त्यांच्याशी संबंध तोडेल. झालं उलटंच. पुढच्या कामापासून ती शूटिंग संपलं की त्यांनाच फोन करायची. दोघं तासन्‌तास बोलायची. मी एकदा न राहवून विचारलं, "मला कधी विचारत नाहीस ते?" ती सहज म्हणाली, "अप्पा, तुम्ही सगळ्याला छानच म्हणता. मग विचारून काय करू?" रागानं नव्हती म्हणाली. दूध संपलंय असं सांगावं, तसं म्हणाली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, की एकदा तरी तिनं मला विचारावं. आणि मध्ये दाजी होते.

गेल्या थंडीत दाजींना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत. शटर आता अक्का उघडते, शुक्रवारीही. दाजी मात्र शुक्रवारी सकाळपासून कपडे घालून ओट्यावर बसतात, आणि कुणीतरी न्यावं म्हणून डोळे वटारतात. तो कुणीतरी मीच. खुर्चीत उचलून बसवा, पाणी पाजा. आणि पिक्चर वाईट निघाला की डाव्या हातानं माझ्या मांडीवर गुद्दा. जणू मीच काढलाय! नटांची सुटका झाली, माझी नाही.

रेणूचा नवा पिक्चर आम्ही असाच पाहिला. ती मुख्य भूमिकेत. दुसऱ्या दिवशी मी मुडबीलाच होतो तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, कसं झालं?" दाजींनी तोंड उघडलं. घशातून नुसता आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला, मान हलवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. रेणूही पडद्यावरून माझ्याकडे पाहायला लागली.

मी म्हणालो, "छान झा..." दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी घसा साफ केला. "रेणू, ती बाई घर सोडून निघते तिथं तू वळून बघतीस. ते खोटं वाटलं."

मग ती हळूच म्हणाली, "अप्पा, हे मामा म्हणायलेत का तुम्ही?"

"मी म्हणायलोय. तू पुण्याला गेलीस तेव्हा न्हाई बघितलंस वळून. बस वळणावरनं दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा हुतो. बघशील म्हणून."

दाजींचं तोंड भिंतीकडेच होतं. रेणूनं फोन कुठंतरी टेकवून ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "अजून काय काय खोटं हुतं, सांगा."