भरलेला कोळसा

नळांना चकचकीत मुलामा देणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे चिकटबाई म्हणत. कंजूष म्हणून नव्हे, तर एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नसे म्हणून. बारा वर्षं ती मागच्या आवारातली सांडपाण्याची टाकी सांभाळत होती. मुलामा दिलेले नळ धुतले की पाण्यात क्रोमियम उतरायचं. त्यातलं बरंचसं गाळ होऊन टाकीच्या तळाशी बसे. उरलेलं पाणी कोळशाच्या दोन उंच पिंपांतून जाऊन ओढ्याला मिळे. रोज सकाळी ती शेवटच्या नळीखालचं पाणी परीक्षानळीत धरायची आणि त्यात औषधाचे चार थेंब टाकायची. पाणी जांभळं झालं, तर विष शिल्लक आहे.

त्या मंगळवारी ते जांभळं झालं.

तिने नळी विसळून पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच. मग तिने ओढ्याकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक पान्याने सोडवलं, डब्याच्या पिशवीत टाकलं आणि सरळ मालकांची खोली गाठली.

"कोळसा भरला, मालक. आता तो काही धरत नाही."

"नवा पुढच्या महिन्यात येतोय. तोवर वहीत 'ठीक' लिहा."

"ठीक नसताना?"

"बाई, बारा वर्षं लिहिताय. एक महिना डोळ्यांवर कातडं ओढलंत तर काय बिघडेल?"

"माझं नाही बिघडणार. खाली ओढ्यावर माझी नणंद गिऱ्हाइकांचे कपडे धुते, तिच्या हातांचं बिघडेल."

मालकांचा पारा चढला. "व्हॉल्व्ह उघडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

"येणार," ती म्हणाली. "काढायचं तर तसं कागदावर द्या, आणि का काढलं तेही लिहा."

कागद काही निघाला नाही. दुपारी टाकी काठोकाठ भरली आणि धुण्याचा हौद थांबला. हौद थांबला तशी मुलाम्याचं कामही थांबलं. कामगार हात बांधून बसले. कुणी तिच्याकडे रागाने बघत होतं, कुणी हळूच हसत होतं. ती मात्र टाकीपाशी स्टूल टाकून खुशाल डबा खात बसली.

घरी नणंदेने डोक्याला हात लावला. "वहिनी, कोळशापायी नोकरी घालवाल! धुऊन नाही का वापरता येत?"

"नाही हो वन्सं. कोळशाला अंगभर बारीक भोकं असतात. धातू आत शिरून भिंतींना चिकटतो. सगळ्या जागा भरल्या की पुढचा धातू पाण्याबरोबर सरळ बाहेर, तुमच्या बादलीत."

नणंदेने आपल्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नवा कोळसा आला. पुढच्या महिन्यात येणारा कोळसा तीन दिवसांत कसा आला, हे विचारायचा मोह तिने गिळला. नाकातोंडाला फडकं बांधून तिने जुना कोळसा पोत्यांत उपसला, नवा भरला, चाक बसवलं. पाणी सोडून चार थेंब टाकले. नळी स्वच्छ राहिली. यंत्रं पुन्हा धडधडू लागली.

तेवढ्यात मालक आले. "झालं ना मनासारखं? आता ती पोती भिंतीमागच्या खड्ड्यात टाकून द्या."

ती काळीठिक्कर झाली होती. हातातलं फावडं तिने भिंतीला टेकवलं आणि पोत्यांच्या ढिगावर ऐसपैस बसली.

"पाण्यातून काढलेलं विष मातीत पुरू?"

"आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

"घातक कचरा नेणारी गाडी. आणि पोती नेल्याची सही-शिक्क्याची पावती."

मालकांनी खिशातून फोन काढून गाडीवाल्यांचा नंबर शोधायला सुरुवात केली. गाडी येईपर्यंत ती काही पोत्यांवरून उठली नाही.